ओठ बधिर झाला तरी दाढ दुखतेच? खालचा जबडा आधी वाचायला शिका

ब्लॉक (खालच्या जबड्याची मुख्य नर्व्ह बधिर करायचं इंजेक्शन) दिला, पाच मिनिटं थांबलो, पेशंट म्हणतो ओठ जड झाला, जीभ पण जड झाली, आपण निवांत होऊन हॅन्डपीस उचलतो आणि खालच्या पहिल्या दाढेवर बर (दात कोरायचं फिरतं टोक) टेकवला की पेशंट खुर्चीतून उठतो. "मॅडम, ओठ तं जड झाला पण दाढ दुखूनच रायली." इंटर्नशिपमध्ये आणि त्यानंतरची दोनेक वर्षं मी अशा वेळी ठरलेलं उत्तर द्यायचे, काकू घाबरू नका, ते दुखणं नाहीये, नुसता दाब जाणवतोय. आज ते आठवलं की फार वाईट वाटतं, कारण त्यांना खरंच दुखत होतं आणि त्याचं कारण त्यांच्या जबड्यात होतं, भीतीत नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. मुख्यतः नवीन बीडीएस झालेल्यांसाठी, ज्यांनी गावात किंवा तालुक्याला क्लिनिक टाकलंय आणि शेजारी विचारायला कोणी सिनियर नाही. पेशंट लोकांनीही वाचलं तरी चालेल, निदान आपल्याला का दुखलं ते कळेल.

पहिली गोष्ट, पुस्तकातला खालचा जबडा हा सरासरीचा जबडा असतो. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीच्या टेबलावर जे कोरडे जबडे ठेवलेले असायचे ते चार-पाच शेजारी शेजारी ठेवून बघितले असते तर तेव्हाच लक्षात आलं असतं, पण आपण एकच उचलून नावं पाठ केली. रॅमसच्या, म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या, आतल्या बाजूला जे लिंग्युला नावाचं छोटं हाड पुढे आलेलं असतं, ज्याच्या मागून नर्व्ह जबड्यात शिरते, त्याचंच घ्या. २००० साली छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात १६५ जबडे तपासले होते, त्यात ते त्रिकोणी असलेले ६८.५ टक्के, वरून छाटल्यासारखे १५.८ टक्के, गाठीसारखे १०.९ टक्के आणि हाडात जवळपास मिसळून गेलेले ४.८ टक्के निघाले. म्हणजे ज्या खुणेच्या भरवशावर आपण सुई नेतो ती खूणच चार प्रकारची आहे. तरीही आपण प्रत्येकाला एकाच उंचीवर, एकाच कोनातून टोचतो आणि लागलं नाही की पेशंट नाजूक आहे म्हणतो.

आता करायचं काय ते सांगते, मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने.

आधी बोट, मग फिल्म, मग सुई

पेशंट बसला की दोन मिनिटं नुसत्या बोटाने जबडा चाचपायचा. अंगठा गालाच्या आतून रॅमसच्या पुढच्या कडेवर ठेवा, जिथे सगळ्यात खोल खळगा लागतो तो कोरोनॉइड नॉच, आणि बाहेर गालावरून दुसऱ्या बोटाने रॅमसची मागची कड धरा. या दोन बोटांमधलं अंतर म्हणजे रॅमसची रुंदी. ज्यांचा रॅमस रुंद आहे त्यांच्यात फोरामेन (नर्व्ह जबड्यात शिरते ते भोक) आत लांब असतं, सुई जास्त आत जावी लागते, आणि अरुंद असला तर कमी. एवढं एक जरी सवयीने केलं तरी अर्धे ब्लॉक सुधारतील असं माझं मत आहे. सुई साधारण २० ते २५ मिलिमीटर आत जाते असं आपण शिकतो, पण ते सरासरी माणसाचं झालं. सहा फुटी गडी आणि चणीने लहान आजी यांना तोच आकडा कसा लागू होईल?

मग बोट जिभेच्या बाजूने फिरवा. सुळा आणि प्रीमोलरच्या (सुळ्यामागच्या दोन छोट्या दाढा) आतल्या बाजूला कडक, गुळगुळीत गोळा लागला तर तो टोरस, बहुतेक वेळा दोन्हीकडे असतो. त्याच्या खाली मागे बोट सरकवलं की दाढांच्या खाली हाड आत गेल्यासारखं लागतं, तो सबमँडिब्युलर फोसा. कोणाचा उथळ, कोणाचा इतका खोल की बोटाचं टोक बसावं. इम्प्लांट टाकणाऱ्यांनी ही जागा कधीही न चाचपता ड्रिल हातात घेऊ नये.

आणि तोंड किती उघडतं ते बघा, पेशंटच्याच बोटांनी. आमच्या विदर्भात खर्रा खाणाऱ्यांची संख्या बघता हे सगळ्यात आधी बघावं लागतं, त्याबद्दल पुढे लिहितेच.

फिल्म वाचायची एक सवय लावून घ्या. आयओपीए, म्हणजे तोंडात फिल्म ठेवून काढलेला दोन-तीन दातांचा छोटा एक्स-रे, काढला तर ज्या दाताची तक्रार आहे त्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, असेल तर एका बाजूच्या कॉन्डाइलपासून (कानाजवळच्या सांध्यातलं जबड्याचं डोकं) सुरू करा, रॅमसवरून खाली या, कॅनलची (हाडातून नर्व्ह जाते ती नळी) वरची पांढरी रेघ आणि खालची पांढरी रेघ दोन्ही पेन्सिलच्या टोकाने मागोवा घेत मेंटल फोरामेनपर्यंत (नर्व्ह पुढे बाहेर निघते ते भोक) न्या, मग समोरून दुसऱ्या बाजूला तसंच. रेघ मध्येच तुटली, दोन झाल्या, अचानक अरुंद झाली किंवा दाढेच्या मुळाखाली वाकली तर तिथे थांबायचं. वीस सेकंदांचं काम आहे.

दोन रेघा दिसणं म्हणजे बायफिड कॅनल, जबड्यातली नर्व्ह दोन वाटांनी जाते. जुन्या ओपीजीवरच्या अभ्यासांत हे १ टक्क्याच्या आसपास सापडायचं म्हणून आपल्याला दुर्मीळ म्हणून शिकवलं गेलं, पण सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) आल्यावर १५ टक्क्यांपासून ते थेट ६५ टक्क्यांपर्यंतचे आकडे आले. जबडे तेच आहेत, बघायचं साधन बदललं. हे होतं का, तर गर्भात असताना खालच्या जबड्यात एक नर्व्ह येत नाही, तीन येतात, समोरच्या दातांसाठी एक, दुधाच्या दाढांसाठी एक आणि कायमच्या दाढांसाठी एक, आणि नंतर त्या एकत्र होऊन एक कॅनल बनतो. ते एकत्र होणं अर्धवट राहिलं की दोन वाटा, क्वचित तीनसुद्धा. हे कळलं की बायफिड कॅनल विचित्र वाटत नाही.

ब्लॉक लागत नाही तेव्हा

१८८४ मध्ये हॉलस्टेड आणि हॉल यांनी कोकेन वापरून ही नर्व्ह बधिर केली, त्याला आता १४० वर्षं होऊन गेली, तरी आजही नेहमीचा ब्लॉक १५ ते २० टक्के वेळा फसतो असं पाठ्यपुस्तकंच सांगतात, आणि रात्रभर ठणकणारी दाढ असली तर त्याहून जास्त. त्यामुळे फसला म्हणून खचायचं नाही, पण का फसला ते शोधायचं.

हाड लवकर लागलं, म्हणजे सुई अर्धीही गेली नाही आणि टक्कन थांबली, तर टोक फार पुढे लागलंय. थोडी मागे घ्या, सिरिंजचं बूड समोरच्या बाजूला म्हणजे विरुद्ध सुळ्याकडे आणा आणि परत आत जा. उलट, सुई जातेच आहे जातेच आहे आणि हाड लागतच नाही, तर टोक फार मागे गेलंय, सिरिंजचं बूड विरुद्ध दाढांकडे न्या. हाड न लागता औषध सोडायचं नाही, मागे पॅरोटिड ग्रंथी आहे, तिथे गेलं तर पेशंटचा अर्धा चेहरा काही तास लुळा पडतो, डोळा मिटत नाही, आणि त्या घरातल्या लोकांना काय वाटतं ते मी बघितलंय. सुई हबपर्यंत, म्हणजे पार बुडापर्यंत, कधीच घालायची नाही. आस्पिरेट केल्याशिवाय, म्हणजे दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघितल्याशिवाय, सोडायचं नाही. हे सगळं माहिती असतं, घाईत राहून जातं.

जबडा पुढे आलेले, लांब चेहऱ्याचे पेशंट असतील तर फोरामेन बऱ्याचदा नेहमीपेक्षा वर सापडतं, दाढांच्या पातळीवर विसंबून राहू नका, कोरोनॉइड नॉचवर विसंबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओठ बधिर पण दाढ जागी. ओठ बधिर झाला म्हणजे मुख्य नर्व्ह झोपली, एवढंच सिद्ध होतं. दाढेच्या पल्पला (आतल्या जिवंत भागाला) दुसरीकडून फाटा येत असेल तर तो जागाच आहे. सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार मायलोहायॉइड नर्व्ह. ही तशी स्नायूंची नर्व्ह, पण तिच्यात संवेदनेचे धागे असू शकतात आणि ते पहिल्या दाढेपर्यंत पोचतात. ती मुख्य नर्व्हपासून फोरामेनच्या साधारण दीड सेंटिमीटर आधीच वेगळी होते, त्यामुळे फोरामेनपाशी सोडलेलं औषध तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही. तेच इंजेक्शन पुन्हा त्याच जागी देऊन काही होत नाही, औषध वाढतं फक्त. करायचं असं की जी दाढ दुखतेय तिच्या मागच्या दाढेच्या मुळाच्या टोकाच्या पातळीला, जिभेच्या बाजूने, जीभ आरशाने बाजूला धरून, सुई ३ ते ५ मिलिमीटर आत घालायची, आस्पिरेट करायचं आणि साधारण अर्धा मिली सोडायचं. दोन-तीन मिनिटं थांबा. मी हे पहिल्यांदा ज्या काकूंना केलं त्या म्हणाल्या, "आता कसं झालं, आधी का नाही केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानेही नाही झालं तर रेट्रोमोलर भागाचा विचार करा. अक्कलदाढेच्या मागे हाडात एक छोटं भोक असतं काही जणांना, त्यातून बायफिड कॅनलचा एक फाटा वर येतो आणि मागच्या दाढांना धागे देतो. त्या भागात थोडं इन्फिल्ट्रेशन (तिथल्या तिथे दिलेलं इंजेक्शन) आणि लाँग बकल (गालाकडच्या नर्व्हचं इंजेक्शन) दिलं की काम होतं. फिल्मवर दोन रेघा दिसल्या असतील तर सरळ वरूनच अडवायचं, गो-गेट्स टेक्निकने. ऑस्ट्रेलियातल्या गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये सांगितलेली पद्धत आहे, औषध कॉन्डाइलच्या मानेपाशी सोडतात, जिथे हे फाटे फुटायचेच असतात. तोंड पूर्ण उघडं ठेवायला सांगा, दिल्यानंतरही मिनिट-दोन मिनिटं उघडंच, आणि पाच ते दहा मिनिटं शांतपणे वाट बघा. याला हात बसायला वेळ लागतो, मला लागला, पण बसला की सोडवत नाही.

समोरच्या खालच्या दातांत अजून एक भानगड, मधल्या रेषेच्या पलीकडची नर्व्ह इकडे धागे पाठवते. एका बाजूचा ब्लॉक देऊन मधला दात काढायला गेलात तर दुखणारच. ओठाच्या बाजूने इन्फिल्ट्रेशन द्या, हाड तिथे पातळ आहे, लगेच लागतं.

आणि बर लावायच्या आधी दाढेवर थंड स्प्रे मारलेला कापूस टेकवून बघा. थंड लागलं तर दाढ जागी आहे. ओठाला विचारण्यापेक्षा दाढेलाच विचारलेलं बरं.

तोंड उघडतच नाही तेव्हा

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखू-चुना घोटून खर्रा करून खाणं आमच्याकडे थांबलेलं नाही, आणि सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडातली त्वचा कडक होऊन आखडणं) झालेले पंचविशी-तिशीतले पोरं रोज येतात. तोंड दोन बोटं, कधी दीड बोट. अशांना नेहमीचा ब्लॉक देताच येत नाही, खुणाच दिसत नाहीत, आणि जबरदस्तीने तोंड ताणलं तर कडक झालेली त्वचा फाटते.

यांच्यासाठी बंद तोंडाने द्यायची पद्धत शिकून घ्या. वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये ती सांगितली म्हणून दोघांचं नाव लागतं. दात एकमेकांवर टेकवून गाल सैल सोडायला सांगायचं, गाल बाहेर ओढायचा, वरच्या मागच्या दाढांची हिरडी जिथे संपते त्या उंचीला, वरच्या दातांना समांतर सुई रॅमसच्या आतल्या बाजूने साधारण २५ मिलिमीटर न्यायची. बेव्हल (सुईच्या टोकाचा तिरपा काप) जिभेकडे ठेवायचा म्हणजे सुई रॅमसच्या कडेने जाते. यात हाड लागत नाही, तेव्हा अंतरावर लक्ष आणि आस्पिरेशन दोन्ही सोडायचं नाही. मऊ भागातून गेल्यामुळे पेशंटला टोचलेलंही कमी कळतं. विदर्भात दाताची प्रॅक्टिस करायची आणि हे येत नाही हे चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि या पेशंटला नुसतं दाढ काढून पाठवू नका, खर्रा सोडण्याबद्दल बोला, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर बायोप्सीला पाठवा.

मेंटल फोरामेन

हे बहुतेक भारतीय जबड्यांत दुसऱ्या प्रीमोलरच्या खाली असतं, काहींत दोन प्रीमोलरच्या मध्ये, काहींत पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळापर्यंत मागे. काही जणांना शेजारी दुसरं छोटं फोरामेनही असतं. इथे तीन चुका मी वारंवार बघते.

एक, आयओपीएवर प्रीमोलरच्या टोकाशी काळा गोल डाग दिसला की पस आहे समजून चांगल्या दाताचं रूट कॅनल केलं जातं. आधी थंडची टेस्ट करा, दात जिवंत असेल तर हात लावू नका. लॅमिना ड्यूरा (मुळाभोवतीची पांढरी रेघ) अख्खा आहे का बघा, आणि ट्यूबचा कोन पुढे-मागे करून दुसरी फिल्म काढा, डाग मुळापासून सरकला तर ते फोरामेन आहे, मुळाला चिकटून राहिला तर खरंच मुळाचा आजार.

दुसरी, फ्लॅप (हिरडीचा पदर) उचलताना प्रीमोलरपाशी उभा छेद. तो सुळ्याच्या पुढे घ्या किंवा पहिल्या दाढेच्या मागे, मध्ये घेऊ नका. अर्ध्या ओठाची संवेदना गेलेला माणूस चहा पिताना सांडतो आणि त्याला कळतही नाही.

तिसरी चूक इम्प्लांटवाल्यांची. नर्व्ह फोरामेनमधून सरळ बाहेर येत नाही, बऱ्याच जणांत ती थोडी पुढे जाऊन मागे वळून बाहेर येते, तिला अँटिरियर लूप म्हणतात. कोणाची मिलिमीटर-दोन, कोणाची ५ च्या वर. फोरामेनच्या पुढे इतकं अंतर सोडलं की झालं असा ठरलेला आकडा धरू नका, सीबीसीटी काढा. इथे पैशाचं कारण पेशंट सांगेल, त्याला नीट समजावून सांगा, बहुतेक जण ऐकतात.

आणि एक बाजूला सांगते, कुठलंही काम न करता, मार न लागता एखाद्याची हनुवटी अचानक बधिर व्हायला लागली तर दाताचं दुखणं समजून गोळ्या देऊन पाठवू नका. दुसरीकडचा कॅन्सर जबड्यात उतरल्याचं ते पहिलं लक्षण असू शकतं. ओपीजी काढून लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवा.

अक्कलदाढ काढताना

इथे दोन नर्व्ह सांभाळायच्या आहेत, खालची म्हणजे कॅनलमधली मुख्य, आणि आतली म्हणजे जिभेकडची.

खालचीसाठी ओपीजी. मुळाचा रंग कॅनलच्या जागी काळपट झालाय का, कॅनलची पांढरी रेघ मुळापाशी तुटलीये का, कॅनल मुळाला वळसा घालून जातोय का, ही तीन लक्षणं सगळ्यात जास्त धोक्याची, १९९० मध्ये रूड आणि शेहाब यांनी सात लक्षणं तपासून ही तीन पुढे आणली आणि आजही तीच वापरतात. यातलं एक जरी दिसलं तरी सीबीसीटी काढून कॅनल मुळाच्या गालाकडून जातोय की जिभेकडून, की दोन मुळांच्या मधून, ते बघायचं. मधून जात असेल तर मी स्वतः काढत नाही, सर्जनकडे पाठवते, आणि बऱ्याचदा ते फक्त दाढेचं डोकं कापून मुळं आतच ठेवतात, त्याला कोरोनेक्टमी म्हणतात. पेशंटला हे अर्धवट काम वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा की मुळं मुद्दाम ठेवलीत.

आतली म्हणजे लिंग्वल नर्व्ह, आणि ती फिल्मवर दिसतच नाही. पुस्तकात ती हाडाच्या कडेच्या खाली आणि थोडी आत दाखवतात. पण १९८४ च्या एका अभ्यासात १७.६ टक्के ठिकाणी ती अक्कलदाढेमागच्या हाडाच्या कडेला किंवा तिच्याही वर सापडली होती, आणि ६२ टक्क्यांत हाडाला चिकटलेली. म्हणजे हिरडीच्या खाली लगेच. म्हणून अक्कलदाढेच्या मागचा छेद कधीही सरळ मागे न्यायचा नाही. रॅमस बाहेरच्या बाजूला फाकलेला असतो, सरळ मागे गेलात तर खाली हाडच नाही, नर्व्ह आहे. बोटाने बाहेरची तिरकी कड चाचपा, छेद हाडावरच राहील असा गालाकडे वळवा, आणि जिभेकडची हिरडी गरज नसताना उचलू नका. बर जिभेकडच्या हाडाच्या पातळ भिंतीच्या पलीकडे जाऊ देऊ नका, दाढेचे तुकडे करताना शेवटचा थोडा भाग बरने न कापता एलिव्हेटरने फोडा.

रेट्रोमोलर फोरामेन असेल तर या छेदातच थोडं जास्त रक्त येतं. गॉज दाबून पाच मिनिटं धरा, थांबतं.

पहिल्या खालच्या दाढेबद्दलही इथेच सांगून टाकते, काहींना जिभेच्या बाजूला मागे तिसरं मूळ असतं, रॅडिक्स एन्टोमोलारिस, बारीक आणि वाकडं. सरळ फिल्मवर ते लपतं. काढताना तेच मोडतं, रूट कॅनल करताना तोच कॅनल सुटतो आणि दाढ परत दुखते. दोन कोनांतून फिल्म काढली की दिसतं.

कवळी आणि इम्प्लांट

दात गेले की जबडा झिजत जातो, आणि खालचा वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. दहा-पंधरा वर्षं दात नसलेल्या आजोबांमध्ये मेंटल फोरामेन बाजूला नसतं, रिजच्या (दात गेल्यावर उरलेल्या हाडाच्या कडेच्या) माथ्यावरच येऊन बसलेलं असतं. मग कवळी घालून भाकरी चावली की करंट बसल्यासारखं होतं आणि आपण कवळीची कड घासत बसतो, महिना महिना. बोटाने माथ्यावर दाबून बघा, नेमकी एका ठिकाणी कळ उठली तर कवळीच्या आतून तिथेच रिलीफ द्या, म्हणजे तेवढं घासून जागा करा. समोर मधोमध आतल्या बाजूला टोकदार हाड लागलं तर ते जीनियल ट्युबर्कल, आणि मागे आतून धारदार कड लागली तर ती मायलोहायॉइड रिज, तिथेही तसंच. टोरस मोठा असेल तर कवळी करायच्या आधी काढावा लागतो, छोटा असेल तर रिलीफ पुरतो. पेशंटला तो कॅन्सर वाटतो, आमच्याकडे तर लगेच वाटतो, तेव्हा आरशात दोन्हीकडचा दाखवून सांगा की हे हाडच आहे.

इम्प्लांटसाठी ओपीजीवर माप घेणार असाल तर लक्षात ठेवा, ओपीजी साधारण २० ते ३० टक्के मोठं दाखवतो. ५ मिलिमीटरची स्टीलची गोळी मेणात बसवून त्या जागी ठेवून फिल्म काढा. गोळी ६.२५ दिसली आणि कॅनलच्या वरचं हाड १५ दिसलं, तर खरं हाड १२ मिलिमीटर, त्यातून २ मिलिमीटर कॅनलपासून अंतर सोडायचं, राहिले १०. पण ही नुसती उंची झाली, आतला खळगा ओपीजीत दिसत नाही.

समोरच्या भागाला सुरक्षित म्हणायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. मधोमध जिभेच्या बाजूला जवळपास प्रत्येक जबड्यात लिंग्वल फोरामेन असतं, त्यातून रक्तवाहिनी हाडात जाते. ड्रिल जिभेकडून बाहेर निघालं आणि ती वाहिनी कापली गेली तर रक्त तोंडात येत नाही, जिभेखाली साठतं, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. काही वेळा हे तासाभराने, पेशंट घरी गेल्यावर होतं. जिभेखालची जागा निळी पडून फुगताना दिसली तर एक बोट आतून, हात बाहेर हनुवटीखालून, दोन्हीकडून दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. थोडं थांबून बघू म्हणू नका.

लहान मुलं

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांत मँडिब्युलर फोरामेन दातांच्या पातळीच्या खाली असतं, मोठ्यांसारखी वर सुई दिली तर लागणार नाही, तेव्हा खाली आणि कमी खोल. दुधाच्या दाढेला बऱ्याचदा इन्फिल्ट्रेशननेच भागतं, हाड अजून घट्ट झालेलं नसतं. औषध वजनावर मोजा. किलोला ४.४ मिलिग्रॅम धरलं तर १५ किलोच्या पोराला ६६, म्हणजे २ टक्के लिग्नोकेनचे ३.३ मिली, त्याच्यावर एक थेंब नाही. बाटलीतून भरणाऱ्यांनी हे जास्त सांभाळायचं. आणि आईला सांगा, दोन-तीन तास पोराच्या ओठावर लक्ष ठेवा, चावून चावून फोडतात.

दिसलं तरी सोडून द्यायच्या गोष्टी

ओपीजीवर जबड्याच्या कोनाजवळ, कॅनलच्या खाली, अंड्यासारखा काळा स्वच्छ डाग दिसला आणि पेशंटला काही त्रास नसेल तर तो बहुधा स्टाफने डिफेक्ट, १९४२ मध्ये स्टाफने यांनी अशा ३५ केसेस लिहिल्या होत्या. हाडाला आतून खळगा असतो, गाठ नसते. शंका असेल तर सीबीसीटी काढा, उघडून बघू नका. समोरच्या दातांमधल्या बारीक उभ्या काळ्या रेघा रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात, फ्रॅक्चर नाही. दोन डोकी असलेला कॉन्डाइल पण असतो काही जणांना, मार लागून आलेल्या पेशंटमध्ये तो बघून घाबरायला होतं, आधी दुखतंय का, चावा बदललाय का ते विचारा.

शेवटी लिहून ठेवणं. जे सापडलं ते केस पेपरवर तर लिहाच, पण पेशंटच्या हातातही द्या, ओपीजी आपल्या कपाटात ठेवून घेऊ नका. लोक गाव बदलतात, मुलीकडे पुण्याला जातात, तिथे दुसरा डॉक्टर परत पहिल्यापासून टोचतो. त्या काकूंना मी नंतर मराठीतच चिठ्ठी लिहून दिली, आता सगळ्यांना देते: "उजवीकडची खालची पहिली दाढ. नेहमीच्या ब्लॉकने ओठ बधिर होतो पण दाढ होत नाही. दुसऱ्या दाढेच्या मुळापाशी जिभेच्या बाजूने अर्धा मिली दिल्यावर पूर्ण बधिर झाली. औषध २ टक्के लिग्नोकेन, ॲड्रेनालिनसह." खाली तारीख, सही आणि क्लिनिकचा नंबर. काकूंनी ती आधार कार्डाच्या पाकिटात ठेवलीये.